दोन स्विफ्ट, एक घाट आणि हेडलाइटचा उजेड

नवीन मॉडेल आलं की लोक आधी ग्रिल बघतात, मग टचस्क्रीन किती इंची ते विचारतात, मग मायलेज, मग रंग, आणि हेडलाइटचा विषय निघालाच तर डीआरएल, म्हणजे दिवसा पेटत्या राहणाऱ्या दिव्यांच्या पट्ट्या, काय भारी दिसतात एवढ्यावर संपतो. त्या दिव्यांनी रस्ता किती दिसतो हे कोणी विचारत नाही. शोरूममध्ये तर ते कळायची सोयच नसते, भर दुपारीसुद्धा छताला एवढे दिवे लावलेले असतात की गाडीचा उजेड त्यात विरून जातो. मला मात्र आता पक्कं वाटायला लागलंय की गाडी रिफ्रेश केली म्हणजे नक्की काय केलं हे बघायचं असेल तर ती रात्री, अंधाऱ्या रस्त्यावर, शक्यतो पावसात चालवून बघावी. आमच्या घरात दोन स्विफ्ट आहेत म्हणून हे मला जवळून बघायला मिळालं.

माझी २०१८ची, मधल्या किमतीची व्हीएक्सआय. त्या वर्षी फेब्रुवारीत ऑटो एक्स्पोच्या वेळेस तिसऱ्या पिढीची स्विफ्ट लाँच झाली आणि आम्ही त्याच वर्षी घेतली, पेट्रोल, मॅन्युअल, पांढरी. दुसरी माझ्या नणंदेची, मे २०२४मध्ये आलेल्या नव्या मॉडेलची, त्याहून वरची झेडएक्सआय. ती चिंचवडला राहते, आम्ही कोथरूडला, आणि माझं सासर चिपळूणचं, त्यामुळे गणपती आणि शिमगा या दोन्हीला दोन्ही गाड्या एकामागोमाग निघतात. साताऱ्याच्या पुढे उंब्रजला हायवे सोडायचा, पाटण, हेळवाक, मग कुंभार्ली घाट उतरून पोफळी, शिरगाव करत घर. मधे चहाला थांबलो की आम्ही गाड्या बदलतो, तिला माझी चालवायला आवडते आणि मला तिची. एकाच रस्त्यावर, एकाच रात्री, अर्धा प्रवास जुन्या गाडीत आणि अर्धा नव्या गाडीत असं झालं की फरक आपोआप कळत जातो, त्याला वेगळी टेस्ट ड्राइव्ह लागत नाही.

कंपनी २०२४च्या गाडीला चौथी पिढी म्हणते, आणि इंजिन नवीन आहे, पुढचा मागचा पत्रा नवीन आहे, डॅशबोर्ड नवीन आहे, पण टेप घेऊन बसलं तर व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, तोच २४५० मिलिमीटर, रुंदी तीच १७३५, लांबी ३८४० होती ती ३८६० झाली, डिकी २६८ लिटरची २६५ झाली, म्हणजे गणपतीचं सामान जेवढं आधी बसायचं तेवढंच आता बसतं. प्लॅटफॉर्म, म्हणजे खालचा सांगाडा, तोही तोच, सुधारलेला. माझ्या मते हे आहे त्याच गाडीवर फार मन लावून केलेलं काम आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही, उलट चांगली बसलेली गाडी मोडून परत नव्याने बनवण्यापेक्षा हे बरं. मधे २०२१च्या फेब्रुवारीत जो फेसलिफ्ट आला होता त्यात ग्रिलला मधोमध क्रोमची पट्टी आली, इंजिन बदललं, क्रूझ कंट्रोल आलं, पण हेडलाइट होते तसेच राहिले होते. २०२४मध्ये मात्र पुढचं सगळं बदललं. माझ्या गाडीचे दिवे बॉनेटच्या कडेने वर मागे ओढत नेलेले, नवीचे आडवे, आखूड, आतल्या बाजूने काळे केलेले आणि त्यात इंग्रजी एलच्या आकाराची डीआरएल. दिसायला कुठली चांगली यावर आमच्या घरात एकमत नाही आणि व्हायची गरजही नाही, मला जुनीच आवडते.

एक बदल असा आहे की तो कुठल्याही जाहिरातीत मोठ्या अक्षरात येत नाही पण आमच्याकडे त्याचं सगळ्यात जास्त कौतुक झालं. २०१८च्या गाडीत मागच्या दाराचं हँडल काचेच्या मागे, वर खांबात लपवलेलं आहे, म्हणजे गाडी दोन दारांची दिसावी. दिसते छान. पण सासूबाईंना ते कधीच पहिल्या झटक्यात सापडलं नाही, दरवेळी दारापाशी येऊन हात नेहमीच्या जागी जाणार, आणि मग "अगं, हिची कडी कुठेय?" वर हात नेला की खांदा दुखायचा ते वेगळंच. नव्या गाडीत हँडल परत दारावर, जिथे असायला हवं तिथे आणलंय. त्या पहिल्यांदा नणंदेच्या गाडीत बसल्या तेव्हा कोणाला काही न विचारता दार उघडून बसल्या, आणि मागे एसीची झडपपण आहे हे बघून म्हणाल्या, आता मी हिच्याच गाडीतून येणार. तेव्हापासून त्या तिच्याच गाडीतून येतात, आणि मला ते अगदी मान्य आहे.

इंजिनाचं थोडक्यात सांगते. माझं १.२ लिटर, चार सिलिंडर, ८३ पीएस ताकद आणि ११३ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढ. २०२१मध्ये ड्युअलजेट नावाचं इंजिन आलं ते ९० पीएसचं. नव्या गाडीत तीन सिलिंडरचं झेड सिरीज इंजिन, ८२ पीएस आणि ११२ टॉर्क. कागदावर ताकद कमी झाली आणि सिग्नलला उभं असताना एक बारीक थरथर जाणवते जी माझ्या गाडीत अजूनही नाही. वर ओढायला गेलं तर चार सिलिंडरची मजा वेगळी, ती मी सोडणार नाही. पण शहरात दुसऱ्या तिसऱ्या गिअरमध्ये नवी गाडी जास्त तयार वाटते, आणि मायलेजचा आकडा २२ वरून २४.८०वर गेलाय. हे आकडे एआरएआयचे, म्हणजे गाड्या तपासणाऱ्या संस्थेचे, आणि कोथरूडच्या माणसाला एआरएआय म्हटलं की आधी टेकडीच आठवते. १९६६ साली सुरू झालेली ही संस्था आमच्या रोजच्या फिरायच्या वाटेवर आहे. देशभरातल्या गाड्यांच्या जाहिरातीत छापून येणारा आकडा आपण जिथे सकाळी चालायला जातो तिथल्या नावाने ओळखला जातो याचं मला अजून अप्रूप वाटतं. गाड्यांचे दिवे नियमात बसतात का हेही अशाच संस्थांमध्ये तपासलं जातं, पण दिव्यांचा कुठलाही आकडा ब्रोशरपर्यंत येत नाही. मायलेज दशांशापर्यंत, आणि हेडलाइटच्या रकान्यात फक्त हॅलोजन किंवा एलईडी एवढा एक शब्द.

आता त्या शब्दामागे काय असतं ते. माझा मावसभाऊ चाकणला हेडलाइट बनवणाऱ्या कारखान्यात आहे, त्याला मी हे सगळं विचारून विचारून भंडावून सोडलं होतं, आणि त्याने खरंच शांतपणे एक फुटका बल्ब हातात घेऊन समजावलं. माझ्या गाडीत एच४ हॅलोजन बल्ब आहे. एकाच बल्बमध्ये दोन तारा, अप्परला, म्हणजे लांबवर जाणाऱ्या उजेडाला, ६० वॉटची, आणि डिपरला, म्हणजे जवळ खाली पडणाऱ्या उजेडाला, ५५ वॉटची. डिपरच्या तारेखाली एक छोटीशी धातूची वाटी असते. ती खाली जाणारा उजेड अडवते म्हणून डिपरवर असताना बल्बच्या मागे दिव्यातच असलेल्या आरशाचा वरचा भागच काय तो वापरला जातो, तिथून उजेड खाली रस्त्यावर येतो आणि समोरच्याच्या डोळ्यात जात नाही. कंदिलाला एका बाजूने हात आडवा धरावा तसं. म्हणजे समोरच्याला त्रास होऊ नये म्हणून बल्ब स्वतःचा बराच उजेड सोडून देतो. अप्परला साधारण १६५० ल्युमेन उजेड देणारा बल्ब डिपरला १००० च्या आसपास येतो आणि त्यातलाही सगळा रस्त्यावर पोचत नाही. आणि आपण गाडी चालवतो ती मुख्यतः डिपरवर, कारण आपल्या रस्त्यांवर समोरून कोणी येत नाहीये असं फार कमी वेळ होतं.

नणंदेच्या गाडीत आहेत त्या प्रोजेक्टर दिव्यांमध्ये गंमत वेगळी आहे. आत वाटीसारखा आरसा उजेड एका जागी गोळा करतो, तिथे एक पातळ पत्र्याची पट्टी आडवी असते आणि पुढे जाड भिंग. भिंगातून चित्र उलटं पडतं, त्यामुळे पट्टीची कड रस्त्यावर उजेडाची वरची रेघ होऊन उमटते, तिला कट-ऑफ म्हणतात. समोर भिंत असली की ही रेघ स्वच्छ दिसते, आपल्याकडे डाव्या बाजूला ती वर चढलेली असते. कारण आपण डावीकडून चालतो, मग डाव्या कडेला चालणारी माणसं, सायकली, उभ्या गाड्या दिसायला हव्यात, आणि उजवीकडून येणाऱ्याच्या डोळ्यात काही जायला नको. ही पट्टी कापणाऱ्या माणसाने दोघांचाही विचार केलाय, गाडी चालवणाऱ्याचा आणि समोरून येणाऱ्याचा. मला हे ऐकून इतकं बरं वाटलं की मी त्या रात्री पार्किंगमध्ये नणंदेची गाडी भिंतीसमोर उभी करून ती रेघ बघत बसले होते.

घाटात हा फरक कसा दिसतो ते सांगते. हेळवाक सोडलं की दिवे संपतात, मग घाटमाथा, तिथून उतार. माझ्या गाडीच्या पिवळसर उजेडात रस्त्याचा मधला पट्टा बरा दिसतो पण कडा हळूहळू अंधारात विरघळतात, वळणाच्या आतल्या बाजूची गटाराची कड कुठे संपते हे अंदाजाने ठरवावं लागतं. नव्या गाडीत एलईडी प्रोजेक्टर आहेत. उजेड दिवसासारखा पांढरा आणि रुंद, डावीकडचा कठडा, त्यावरचं गवत, दरडीतून निघालेले दगड, रस्त्याच्या कडेला बसलेलं कुत्रं, सगळं आधी दिसतं. आधी म्हणजे किती आधी हे मी मोजलेलं नाही, पण पाय ब्रेकवर जायची घाई कमी होते हे नक्की, आणि घरी पोचल्यावर मान आणि डोळे कमी दुखतात हेही.

यात हिशोब अगदी सोपा आहे. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. काहीतरी दिसलं, डोक्यात शिरलं आणि पाय ब्रेकवर गेला याला दीड सेकंद धरा, तेवढ्यात गाडी २५ मीटर पुढे गेलेली असते, मग कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी वीसेक मीटर, एकूण ४५. ताशी ८० ला हेच ७० मीटरच्या आसपास जातं. ओल्या रस्त्यावर आणखी जास्त. म्हणजे समोरची गोष्ट ५० मीटरवर दिसत असेल तर ६० ला आपण थांबू शकतो, ८० ला थांबू शकत नाही, ब्रेक कितीही चांगले असू देत. शिमग्याला जाताना हे मला फार जाणवतं, कारण तेव्हा ऊसतोड अजून चालू असते आणि सातारा ते पाटण या पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्या रात्रभर चालू असतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, असल्यास तो चिखलाने झाकलेला. ट्रॉलीचा रंग मातीचा आणि रात्रही मातीच्याच रंगाची. तिथे जास्तीचे दहा-पंधरा मीटर मिळणं म्हणजे काय हे त्या रस्त्याने जाणाऱ्याला सांगावं लागत नाही. त्या ट्रॉलीवर पुढे बसलेलं जोडपं आणि त्यांचं झोपलेलं लेकरू हेही त्याच दहा-पंधरा मीटरवर असतात.

नव्या दिव्यांचं सगळंच चांगलं आहे असं मी म्हणणार नाही. कट-ऑफची रेघ इतकी धारदार आहे की तिच्या वर एकदम काळोख. सपाट रस्त्यावर ठीक, पण घाटात हेअरपिनला गाडी नाक खाली करून वळते तेव्हा उजेडपण खाली जातो आणि वरच्या वळणावर काय आहे ते दिसत नाही, तिथे अप्पर मारावाच लागतो. हॅलोजनचा थोडा इकडेतिकडे सांडलेला उजेड अशा वेळी झाडाच्या फांद्या, वरचा रस्ता यांचा अंदाज देऊन जातो. भाद्रपदात घाटात धुकं उतरतं तेव्हा दोन्ही गाड्यांत फारसा फरक राहत नाही, अप्पर लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, डिपरवर हळूहळू पट्टा धरून जायचं. धुक्यात खाली बसवलेला रुंद उजेडच कामाला येतो, आणि नव्या गाडीत एलईडी फॉग लॅम्प फक्त सगळ्यात वरच्या झेडएक्सआय प्लसला आहेत. आणि मुसळधार पावसात ओल्या डांबरावर पांढरा उजेड मला तरी कमी टेकल्यासारखा वाटतो, नणंदेला तसं वाटत नाही, तिचे डोळे माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान आहेत.

दुरुस्तीचाही मुद्दा आहे. एच४ बल्ब गेला तर पाटणच्या स्टँडजवळच्या दुकानातही मिळतो, काही शे रुपयांत आणि पंधरा मिनिटांत काम होतं. एलईडी सहसा जात नाही, पण काही झालं तर पूर्ण असेंब्ली बदलायची वेळ येऊ शकते, आणि पुण्यातल्या पार्किंगमध्ये कोणीतरी कोपऱ्यावर घासून जाणं ही नेहमीची गोष्ट आहे. जुन्या गाडीची प्लास्टिकची काच उन्हाने धुरकट पिवळी होते, माझ्याही गाडीची व्हायला लागली होती. बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासून घेतली, वरून संरक्षक कोट मारून घेतला आणि उजेड एवढा वाढला की बल्ब बदललाय का असं नवऱ्याने विचारलं. ज्यांच्याकडे सहा-सात वर्षांची गाडी आहे त्यांनी नवी घ्यायच्या आधी हे एकदा करून बघावं असं मी कळकळीने सांगते.

पण बाजारात मिळणारे एलईडी बल्ब हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये, म्हणजे त्या आरशात, टाकू नका. मला अनेकांनी सुचवलं, स्वस्तात नव्या गाडीसारखा उजेड मिळेल म्हणाले. मावसभावाने हात जोडून नको सांगितलं. तो आरसा त्या दोन तारांच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो, तिथे दुसऱ्या आकाराचा उजेडाचा स्रोत आला की उजेड कुठेही फेकला जातो, आपल्याला समोर पांढरंशुभ्र दिसतं म्हणून बरं वाटतं आणि समोरून येणारा दुचाकीवाला तीन-चार सेकंद आंधळा होतो. घाटात आंधळे तीन सेकंद म्हणजे दरी. १०० वॉटचे बल्ब टाकणाऱ्यांचंही तेच, वर होल्डर वितळतो. हल्ली रात्री हायवेवर डोळे दिपवणाऱ्या गाड्यांमध्ये अशा गाड्या मला फार दिसतात आणि मनापासून राग येतो, कारण त्या पट्टीची कड आखणाऱ्याने जो समोरच्याचा विचार केला होता तो इथे कोणीच केलेला नसतो.

आता मला जे सगळ्यात जास्त सांगायचंय ते. नव्या स्विफ्टमध्ये सहा एअरबॅग अगदी खालच्या एलएक्सआयपासून आहेत, गाडी घसरायला लागली तर सावरणारं ईएसपी आहे, पाचही सीटना तीन टोकांचे बेल्ट आहेत. माझ्या २०१८च्या गाडीत दोन एअरबॅग आणि ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारं एबीएस. ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत तिसऱ्या पिढीच्या स्विफ्टला २०१८मध्ये २ स्टार आणि नियम कडक झाल्यावर २०२२मध्ये १ स्टार मिळाला होता, तिथून नव्या गाडीच्याच जोडीची डिझायर नोव्हेंबर २०२४मध्ये ५ स्टारपर्यंत गेली. सहा एअरबॅग सक्तीच्या करायचं घाटत होतं, मग सप्टेंबर २०२३मध्ये गडकरींनी सक्ती करणार नाही असं सांगितलं, तरीसुद्धा त्या आल्या, कारण लोक विचारायला लागले होते. घेणाऱ्याने विचारलं की कंपन्या देतात.

उजेडाचं मात्र अजून तसं झालेलं नाही. २०२४च्या गाडीत एलएक्सआय आणि व्हीएक्सआयला प्रोजेक्टर आहे पण आत बल्ब हॅलोजनचाच, एलईडी झेडएक्सआयपासून. लाँचच्या वेळी व्हीएक्सआय ७.२९ लाखाला होती आणि झेडएक्सआय ८.२९ लाखाला. मधल्या एक लाखात उजेडाबरोबर अलॉय व्हील, वायरलेस चार्जर, ऑटो एसी वगैरे बरंच येतं, फक्त उजेड हवा म्हणून वेगळा मिळत नाही. हे एकाच कंपनीचं नाही, या किमतीच्या बऱ्याच गाड्यांत चांगला दिवा वरच्या मॉडेलला सजावटीच्या वस्तूंबरोबर ठेवलेला असतो. मला हे चुकीचं वाटतं. एअरबॅग आपटल्यानंतर कामाला येते, दिवा आपटण्याच्या आधी. आणि खालचं मॉडेल घेणारा माणूस रात्री कमी फिरतो असं थोडंच आहे, उलट चिपळूण-पाटण मार्गावर रात्री-अपरात्री पेशंट घेऊन कराडला जाणारी जी गाडी असते ती बहुतेक वेळा बेस मॉडेलच असते, भाड्याची, नाहीतर गावातल्या कोणाचीतरी.

गेल्या महिन्यात नणंदेची ऑफिसमधली मैत्रीण स्विफ्ट घ्यायची म्हणून मला फोन करून विचारत होती, ताई, व्हीएक्सआय घेऊ की झेडएक्सआय, टचस्क्रीन तर दोन्हीत सात इंचीच आहे. तिचं माहेर राजापूरचं, म्हणजे अणुस्कुरा घाट आलाच. मी तिला सांगितलं की शोरूमवाल्यांकडे टेस्ट ड्राइव्ह रात्री आठनंतरची माग, नाही म्हणाले तर दुसऱ्या शोरूमला विचार, दोन्ही मॉडेल माग, आणि चांदणी चौकातून मुळशीच्या बाजूला जिथे रस्त्याचे दिवे संपतात तिथपर्यंत ने, एकदा डिपर एकदा अप्पर, डाव्या कडेला काय काय दिसतं ते बघ. आणि डिकीत सामान भरलं की स्टिअरिंगच्या उजव्या बाजूचा आकड्यांचा छोटा डायल फिरवून दिवे खाली घ्यायचे असतात हे सेल्समनला विचारून घे, कारण मागे वजन आलं की गाडीचं नाक वर होतं आणि डिपरसुद्धा समोरच्याच्या डोळ्यात जातो. सेल्समन म्हणाला म्हणे की हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं. तिने तिच्या आधी नंबर असलेल्या दोघांनाही सांगितलं, आणि शुक्रवारी ते तिघं मिळून रात्रीची गाडी मागणार आहेत.